रमाईचे दुःख आम्ही वाटून घेतले काय?

दरवर्षी ७ फेब्रुवारी आणि २७ मे या दोन तारखा आल्या की आमच्या वाड्या-वस्त्यांतून माता रमाईच्या नावाने कार्यक्रम होतात. पहिली तारीख जयंतीची, दुसरी स्मृतिदिनाची. पेणपासून रोह्यापर्यंत असा एकही बौद्धवाडा नसेल की जिथे रमाईचा फोटो भिंतीवर नाही. गायनपार्टीचे कार्यक्रम होतात, भाषणे होतात, त्यागमूर्ती म्हणून गौरव होतो आणि पुष्पहार घालून आम्ही घरी जातो. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्यागमूर्ती हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की त्या शब्दामागे बसलेली एक आई आम्हाला दिसेनाशी झाली काय, असा प्रश्न आम्हास पडतो. जिने आपली चार मुले मातीत ठेवली त्या आईच्या दुःखाविषयी आम्ही किती बोलतो? आणि ते दुःख त्या घरात कोणी कोणाबरोबर कसे वाटून घेतले, याविषयी तर जवळजवळ काहीच बोलत नाही.

त्याग हा समाजासाठी असतो, त्यामुळे त्याचा जयजयकार करणे सोपे जाते. दुःखाचा जयजयकार करता येत नाही. दुःखाजवळ गप्प बसावे लागते. म्हणूनच रमाईचे जीवन आज आम्ही दुःखाच्या बाजूने पाहणार आहोत.

दापोलीजवळचे वणंद हे रमाईचे गाव. जन्म १८९८ सालचा. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात बोटीतून उतरणाऱ्या मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहून नेत. कोकणातला अस्पृश्य माणूस त्या काळी एक तर खोताच्या शेतात राबे, नाही तर बंदरावर ओझी वाही, नाही तर पलटणीत भरती होई. आणि महारांची पलटणीतील भरतीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालेली होती. तेव्हा ओझे वाहणे एवढेच उरले. आई रुक्मिणी आधी गेली, पाठोपाठ वडीलही गेले. खेळण्या-बागडण्याच्या वयात ही मुलगी पोरकी झाली. पाठीशी लहान भावंडे होती. चुलते आणि मामा यांनी या मुलांना मुंबईला आणले. दुःख वाटून घेण्याचा रमाईच्या आयुष्यातला पहिला प्रसंग हाच. आईबाप गेल्यावर तिला रडायला वेळ मिळाला की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण धाकट्या भावाचा हात तिने सोडला नाही हे मात्र खरे, कारण हाच शंकर पुढे कितीतरी वर्षे तिच्या घरात दिसतो.

१९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार बंद झाल्यावर, रात्री लग्न लागले. दिवसा जिथे मासळी विकली जाई तिथेच मांडव. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव शाळेत शिकणारा भीमराव. नवरदेवही आईविना वाढलेला होता. भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला होता. म्हणजे ही दोन पोरकी मुले एका संसारात आली. या गोष्टीकडे आमच्या चरित्रलेखकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. आईविना वाढलेल्या माणसाला आईविना वाढलेल्या माणसाचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

१९१२ च्या डिसेंबरात यशवंत जन्माला आला. घरात आनंद होता. पण तो आनंद दोन महिनेही टिकला नाही. १९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याला नोकरीस गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते गाडीतून उतरले आणि गाडी निघून गेली. घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजी सुभेदारांचा जीव मुलाच्या वाटेवर घुटमळत होता. मुलाच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. बाप गेला तेव्हा भीमराव एकवीस वर्षांचे, रमाई पंधरा वर्षांची आणि कडेवर दोन महिन्यांचे मूल. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

आता परळच्या त्या खोलीचा विचार करा. पोयबावाडीतील बी. आय. टी. चाळ. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्या ट्रस्टने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन छोट्या खोल्या हे आंबेडकर कुटुंबाचे घर. सासरे गेलेले, नवरा सातासमुद्रापार. पुढे दीर आनंदरावही गेले. त्यांची विधवा पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच घरात होते. रमाईची भावंडेही तिथेच. एका छपराखाली किती वियोग एकत्र राहत होते ते मोजून पाहा. दोघी जावा, एकीचा नवरा पुढे कायमचा गेला, दुसरीचा परत येईल की नाही याची महायुद्धाच्या काळात शाश्वती नव्हती. १९१७ साली बाबासाहेब परत यायला निघाले तेव्हा त्यांची पुस्तके ज्या बोटीतून येत होती ती बोट टॉर्पेडोला बळी पडली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने आले म्हणून वाचले. या काळात त्या घरातल्या बायकांनी एकमेकींना काय धीर दिला असेल ते कोणत्याही ग्रंथात छापलेले नाही. पण घर मोडले नाही. विधवा जावेला कोणी माहेरी धाडले नाही. मुकुंद आणि यशवंत एकाच चुलीवरचे जेवले. दुःख वाटून घेणे म्हणतात ते याला.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. या सगळ्या वर्षांत त्या घराने जे सोसले ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. चार नावे. तीन मुलगे, एक मुलगी. एकामागून एक गेली. एका लेकराच्या अंत्यविधीच्या वेळी नवे कापड घ्यायला पैसे नव्हते आणि रमाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, ही आठवण आमच्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही मुले नशिबाने गेली नाहीत. त्या काळच्या मुंबईच्या आरोग्य अहवालांतच नोंद आहे की, एका खोलीच्या बिऱ्हाडात जन्मणारी मुले सर्वांत जास्त मरत. दाटीवाटी, दमट खोल्या, अपुरे अन्न, औषधाला पैसा नाही. विद्वत्तेत ज्याची बरोबरी करणारे देशात थोडे होते, त्याच्या घरात मुलांच्या दुधाची भ्रांत होती. जातीने ज्याला नोकरीत टिकू दिले नाही, बडोद्यात राहायला घर मिळू दिले नाही, त्याच्या मुलांच्या मृत्यूचा हिशेब जातीच्या खात्यावर मांडावा लागतो. रमाईचे दुःख खाजगी होते, पण त्याचे कारण खाजगी नव्हते.

राजरत्न हा शेवटचा मुलगा. तो जुलै १९२६ मध्ये गेला. बाबासाहेबांचा त्याच्यावर अतोनात जीव होता. सुमारे महिनाभराने, ऑगस्टमध्ये, बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. ते पत्र उपलब्ध आहे आणि ते प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने एकदा वाचले पाहिजे. त्यात धैर्याचा आव नाही. उपदेश नाही. पुत्रवियोगाच्या धक्क्यातून आपण सावरलो आहोत असे ढोंग करण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असे वाटतही नाही, अशी सरळ कबुली आहे. चारही मुलांचा हिशेब आहे. जीवन हे तण माजलेल्या बागेसारखे झाले आहे, या आशयाची वेदना आहे.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. कागद वाचताना एकेका शब्दावर थांबण्याची आम्हाला सवय आहे. या पत्रातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यातला कर्ता. बाबासाहेब फक्त स्वतःविषयी बोलत नाहीत. ते स्वतःचे आणि पत्नीचे नाव एकत्र घेतात. आम्ही दोघे सावरलो नाही, आम्ही चार मुले पुरली, असा तो सूर आहे. १९२६ साल लक्षात घ्या. मूल गेले की दोष आईच्या पदरात टाकायचा आणि बापाने कोरड्या डोळ्यांनी चारचौघांत वावरायचे अशी रीत होती. ब्राह्मणी घरांत ती होती आणि आमच्याही घरांत होती. त्या काळात एक बॅरिस्टर आपल्या मित्राला लिहितो आणि दुःखाचे अनेकवचन करतो. पत्नीच्या दुःखाला तो स्वतःच्या दुःखाच्या बरोबरीने उभे करतो. समतेची ही ओळ त्यांनी जाहीरनाम्यात लिहिली नव्हती, खाजगी पत्रात लिहिली होती. म्हणून तिची किंमत अधिक आहे.

यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. आमचे वक्ते हे दोन प्रसंग जोडून सांगतात की, बाबासाहेबांनी पुत्रशोक गिळला आणि समाजकार्याला वाहून घेतले. आम्हास हे म्हणणे अपुरे वाटते. शोक गिळला असता तर महिन्याभराने तसे पत्र लिहिले नसते. शोक बोलून दाखवला, घरात दोघांनी मिळून सोसला, मित्राला कळवला आणि मग तो माणूस महाडच्या वाटेला लागला. महाडला जाणारा बाप रडून गेलेला बाप होता. त्यामुळे त्याचे धैर्य कमी होत नाही. उलट जो रडतो तो लढू शकत नाही, हा आमच्या कार्यकर्त्यांतला खुळा समज त्यामुळे खोटा ठरतो.

परंतु हे वाटून घेणे समसमान होते, असेही म्हणता येणार नाही. आणि ते तसे नव्हते हे सर्वांत आधी बाबासाहेबांनीच सांगितले. १९२८ च्या आरंभी ‘बहिष्कृत भारत’मधील एका अग्रलेखात आपल्या पत्नीच्या ऋणाचा त्यांनी जाहीर उच्चार केला. आपण परदेशात असताना संसाराचा भार तिने वाहिला, परत आल्यावरही विपन्नावस्थेत स्वतःच्या डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहायला तिने मागेपुढे पाहिले नाही आणि अशा ममताळू पत्नीसाठी चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला देता आला नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. आपल्या वर्तमानपत्रात, आपल्या वाचकांसमोर, एवढ्या स्वच्छपणे घरच्या ऋणाचा हिशेब मांडणारा दुसरा नेता त्या काळात आम्हाला दिसत नाही.

पुरुषाला दुःख विसरायला ग्रंथ होते, सभा होत्या, कोर्ट होते, परिषदा होत्या. रमाईला काय होते? त्याच दोन खोल्या. ज्या कोपऱ्यात मूल झोपत होते तोच कोपरा. त्याच जिन्यावरून रोज पाणी वाहायचे. दुःखाची जागा सोडून जाण्याची सोय पुरुषाला असते, बाईला नसते. या एका वाक्यावर आमच्या प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाने विचार करावा.

तिने पंढरपूरला जाण्याची इच्छा व्यक्त केली होती, हे सर्वांना ठाऊक आहे. जिथे भक्ताला दारापाशीच अडवले जाते तिथे जायचे नाही, आपण आपल्या कार्याने दुसरी पंढरी उभी करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले, तेही ठाऊक आहे. आम्ही हा प्रसंग बहुधा देवधर्माच्या टीकेसाठी वापरतो. पण चार मुले गेलेल्या बाईला विठोबाच्या पायावर डोके ठेवावेसे का वाटले असेल? तिला मोक्ष नको होता. रडायला एक जागा हवी होती. आमच्या समाजाला १९५६ पर्यंत तशी स्वतःची जागा नव्हती. दुःख घेऊन जायला जे देऊळ होते ते बंद होते आणि जे उघडे होते ते आमचे नव्हते.

रमाईची प्रकृती ढासळतच गेली. हवापालटासाठी तिला धारवाडला नेण्यात आले. तिथल्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत हे कळल्यावर तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही हकीकत आमच्या गायकांनी घराघरांत पोहोचवली आहे. त्या हकीकतीकडेही आम्ही त्याग म्हणूनच पाहतो. जिची स्वतःची चार लेकरे गेली तिला दुसऱ्याची लेकरे उपाशी कशी बघवतील, एवढा साधा धागा आम्ही त्यातून सोडून देतो. दुःखाने माणूस कडू होतो किंवा मोठा होतो. रमाई मोठी झाली.

१९३४ च्या सुमारास कुटुंब दादरच्या राजगृहात राहायला आले. पुस्तकांसाठी बांधलेल्या त्या घरात रमाईला फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी ती गेली. अंत्ययात्रेला हजारो लोक आले. चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे की, स्मशानातून परतल्यावर बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि कित्येक दिवस ते लहान मुलासारखे रडले. त्यांनी डोक्याचे मुंडण केले, संन्याशासारखी वस्त्रे घातली. गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रतिनिधींसमोर न डगमगलेला हा माणूस पत्नी गेल्यावर असा कोसळला, आणि त्यांच्या चरित्रातून ही गोष्ट कोणी लपवलेली नाही.

तो जूनचा पहिला आठवडा होता. १ जून १९३५ पासून त्यांची मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून नेमणूक झालेली होती. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. म्हणजे हिंदू धर्मात मरणार नाही असे सांगणारा माणूस साडेचार महिन्यांपूर्वी पत्नीला अग्नी देऊन आलेला होता. या दोन गोष्टींत कार्यकारण जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. तारखा मात्र शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजकारणाचा इतका रूक्ष विषय, आणि अर्पणपत्रिका रामूला. तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाची उदात्तता, शीलाची शुद्धता आणि मित्र नसलेल्या, चिंता आणि टंचाईच्या दिवसांत आपल्यासोबत सोसण्याची तिची शांत तयारी यांची आठवण म्हणून. पाच वर्षे झाली तरी आठवण ताजी होती. त्यातही सोबत सोसणे हाच शब्द मध्यभागी आहे. १९२६ च्या पत्रातले अनेकवचन १९४० च्या अर्पणपत्रिकेत पुन्हा भेटते.

ज्या दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले त्या दिवशी हा सारा समाजच पोरका झाला. पण तेव्हा ते दुःख आम्ही एका कुटुंबासारखे वाटून घेऊ शकलो काय? माईसाहेब आंबेडकरांवर संशय घेतला गेला. मृत्यू नैसर्गिक होता असे सरकारी चौकशीअंती सांगितले गेले, तरी कुजबूज थांबली नाही आणि एका विधवेच्या वाट्याला अनेक वर्षांचा एकांत आला. २००३ साली त्या गेल्या. दुःख एकत्र बसून बोलले नाही तर ते आरोपाचे रूप घेते, हा धडा चळवळीच्या मोठ्या कुटुंबाला तेव्हा मिळाला. तोच धडा लहान कुटुंबांना रोज मिळतो आहे.

आमचे वडखळ हे नाक्याचे गाव. मुंबईहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा पोयनाडवरून अलिबागला जातो, दुसरा नागोठणे, कोलाड, माणगाव करत महाडला. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला निळे झेंडे लावलेल्या गाड्या याच नाक्यावरून महाडकडे वळतात. २०११ साली या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रखडले. या रस्त्याने कितीतरी घरांतली कमावती माणसे नेली. कोणी कारखान्याच्या पाळीवरून मोटारसायकलने परतत होता, कोणी गणपतीला गावी निघालेला चाकरमानी होता. त्यांची प्रकरणे मोटार अपघात न्यायाधिकरणात उभी राहतात आणि आम्ही वकील मंडळी त्या घरांत कागद घेऊन जातो. तेव्हा जे दिसते ते येथे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

सुरुवातीला सगळे एका ओसरीवर असतात. सासू, सून, दीर, नणंद. पुढे भरपाईची रक्कम जाहीर होते आणि ओसरीची वाटणी होते. मुलगा माझा होता, असे आईबाप म्हणतात. नवरा माझा होता, असे सून म्हणते. दोन्ही खरे असते. लहान मुले मध्ये बसून एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघतात. त्यांना कोणी विचारतच नाही.

कायदा मात्र या बाबतीत आमच्या घरांपेक्षा पुढे गेला आहे. २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहवास गमावल्याबद्दलची रक्कम ४०,००० रुपये ठरवली आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ सांगितली. २०१८ साली नानू राम प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, सहवास फक्त पती-पत्नीचा नसतो. बाप गेलेल्या मुलांचा सहवास हरवतो, मूल गेलेल्या आईबापांचाही हरवतो, आणि प्रत्येकाच्या दुःखाची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. २०२१ साली कीर्ती प्रकरणात घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमालाही उत्पन्नाप्रमाणे किंमत आहे हे न्यायालयाने पुन्हा बजावले. शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या रमाईच्या श्रमाचा बाबासाहेबांनी १९२८ साली जाहीर उच्चार केला होता. देशाच्या न्यायालयांना तिथपर्यंत यायला किती काळ लागला ते पाहा. वारसा कायद्याचेही तसेच. जो माणूस मृत्युपत्र न करता जातो त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांचा हिस्सा समान आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी सुनेला अंगठा द्यायला लावणारे आणि म्हाताऱ्या आईला विसरणारे लोक जयभीम घालणाऱ्या घरांतही आहेत.

दुसरी गोष्ट आमच्या शोकसभांची. १९५६ नंतर आम्ही बारावे-तेरावे सोडले, पिंडदान सोडले, भटजी सोडला. ही मोठी क्रांती होती. त्या जागी त्रिसरण, पंचशील, जलदान विधी, पुण्यानुमोदन आले. पण आज अनेक ठिकाणी काय चालते? कालकथित माणसाच्या फोटोसमोर मंडप, माईक, पाहुण्यांची यादी. गटाचे पुढारी, तालुक्याचे पुढारी एकामागून एक उठतात. प्रत्येकाचे भाषण स्वतःच्या राजकारणावर येऊन थांबते. ज्या घरातले माणूस गेले त्या घरातली बाई मागच्या खोलीत चहाच्या आधणापाशी असते. तिला बोला असे कोणी म्हणत नाही. मुलांना दोन शब्द सांगता आले असते, त्यांना वेळ उरत नाही. भटजी गेला आणि त्याच्या पाटावर वक्ता येऊन बसला, एवढाच बदल झाला असेल तर त्याला धम्मक्रांती म्हणता येणार नाही.

धम्माने दुःखाकडे कसे पाहिले? बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये, तथागतांच्या करुणेविषयी लिहिताना विशाखा आणि किसा गोतमी या दोघींच्या सांत्वनाच्या कथा घेतल्या आहेत. विशाखेची नात गेलेली, किसा गोतमीचे एकुलते मूल गेलेले. तथागतांनी किसा गोतमीला प्रवचन दिले नाही. मोहरी आणायला घरोघर पाठवले, जिथे कोणी मेले नाही अशा घरातली. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तिला दुसऱ्याचे दुःख ऐकायला मिळाले. आपले दुःख तिने सांगितले, त्यांचे ऐकले आणि तिचा भ्रम सुटला. हे सामुदायिक दुःखाचे शास्त्र आहे. चार मुले पुरलेला बाप आपल्या अखेरच्या ग्रंथात या दोन कथा निवडून घेतो, तेव्हा त्या निवडीमागे परळच्या चाळीतली ती खोली नव्हती असे आम्ही म्हणू शकत नाही.

म्हणून काही गोष्टी आम्ही आग्रहाने सुचवतो. शोकसभेत पहिला वेळ घरच्यांचा असावा, त्यातही स्त्रियांचा आणि मुलांचा. पाहुण्यांनी थोडक्यात आटोपावे आणि पक्ष, गट, निवडणूक यांचा उल्लेख त्या दिवशी करू नये. मयताच्या घरी चूल शेजाऱ्यांनी सांभाळावी; ही आपली जुनीच रीत आहे, केटररच्या काळात ती मोडू देऊ नये. विधवेच्या अंगावरचे दागिने आणि कुंकू यांवरून कोणी तिला अपशकुनी ठरवत असेल तर बौद्धाचार्यांनी तिथल्या तिथे थांबवावे. कागदपत्रांचा विषय कधी ना कधी येणारच. तो सर्व वारसांना, सुनेला आणि सासूला, एकत्र बसवून काढावा; कोणाच्या पाठीमागे कोऱ्या कागदावर सही घेऊ नये. आणि घरातल्या पुरुषांनी रडावे. मुलांना दिसेल असे रडावे. बाबासाहेब रडले होते, एवढे कारण पुरेसे आहे.

रमाई गेली तेव्हा ती चाळीशीलाही पोहोचलेली नव्हती. आयुष्यात तिला शाळा मिळाली नाही, आरोग्य मिळाले नाही, चार मुले हातची गेली. एक गोष्ट मात्र मिळाली. तिचे दुःख तिच्या एकटीचे आहे असे तिच्या साथीदाराने कधी म्हटले नाही. आमच्या किती घरांतल्या स्त्रियांना एवढे तरी मिळते? येत्या स्मृतिदिनी हार घालण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातील आईला, बायकोला, वहिनीला, जिने कोणी ना कोणी गमावले आहे तिला, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन दोन शब्द बोलायला सांगावे आणि ती बोलेल तोवर तिच्याजवळ बसून राहावे.

जयभीम!